स्ट्रायकरसाठी पाण्यात ठेवलेला गणपती

आमच्या शेजारच्या घाडगेभाऊजींचा गणपती जून महिना लागला की पाण्यात जातो. विसर्जन नव्हे. विसर्जन परवडलं, एकदा बुडवला की देव मोकळा आणि आपणही मोकळे. हा पितळेचा, मुठीएवढा, देवघरातला गणपती. इथं इंग्लंडात माणसं ख्रिसमसला ट्रायफल म्हणून थराथराचं गोड लावतात तसलं एक काचेचं भांडं आहे त्यांच्याकडं. त्यात गणपती, मुकुटाच्या वर चार बोटं पाणी, आणि भांडं सिंकच्या वरच्या खिडकीत. त्यांची किचनची खिडकी आणि माझी समोरासमोर. मी सकाळी चहा टाकायला उभी राहिले की देव पाण्यातनं माझ्याकडं बघत असतो, आहे त्याच्या दुप्पट मोठा दिसतो. इथलं पाणी जड. महिन्याभरात त्याच्या पोटावर पांढरा थर चढतो, मग भाऊजी लिंबाच्या फोडीनं घासतात आणि परत बुडवतात.

देव पाण्यात कशाला ठेवतात ते तुम्हाला ठाऊक असेल. घरात कुणी अंथरुणाला खिळलं, कोर्टात जमिनीचा निकाल लागायचा असला, की बायका देव पाण्यात ठेवतात. काम कर, मग बाहेर काढते, तोवर बस बुडून. माझा भाऊ टायफॉइडनं पडला तेव्हा आईनं ठेवले होते. भाऊ उठला. आमचे हे लेस्टरच्या हॉस्पिटलात होते तेव्हा मी ठेवले होते. हे उठले नाहीत. मी देव काढले, पुसले, जागेवर ठेवले. त्यांना तरी किती भिजवायचं.

आणि हा माणूस देव बुडवतो कशासाठी? तर टाउननं स्ट्रायकर विकत घ्यावा म्हणून!

टाउन म्हणजे आमच्या गावाची फुटबॉलची टीम. लेस्टरच्या बाजूचं आमचं गाव लहान, टीमही तसलीच. स्ट्रायकर म्हणजे गोल मारणारा गडी. टाउनकडं बाकी सगळं आहे, बँड आहे, मांजराचा मुखवटा घालून नाचणारा एक माणूस आहे, गोल मारणारा तेवढा नाही. उन्हाळ्यात मॅचेस नसतात, तेव्हा ह्या टीमा एकमेकींचे गडी विकत घेतात, बाजारात बैल घ्यावेत तसे. ऑगस्ट सरला की बाजार उठतो, तो परत जानेवारीत भरतो. आणि दर उन्हाळ्यात टाउनचा चेअरमन बाजारात जातो, बैलांचे दात बघतो, आणि हात हलवत घरी येतो. वर पेपरात सांगतो, आपण आपलं अंथरूण पाहून पाय पसरले पाहिजेत.

"अंथरूण!" भाऊजी कुंपणाशी येऊन ओरडायचे. "वहिनी, ह्या माणसाचं गालिच्यांचं दुकान आहे. दुकानभर अंथरुणं पडलीत आणि आम्हाला सांगतो पाय आखडा! अहो आखडून आखडून गुडघे नाकाला लागले!"

"मग नका बघू ना मॅच."

"बघू नको? शेतात पीक नाही म्हणून शेत सोडतं का कुणी?"

मी चौथी शिकलेली बाई. पण एवढं कळत होतं की हे शेत भाऊजींचं नव्हतं.

शनिवारी इथल्या रेडिओवर लोक फोन करून टीमला शिव्या घालतात, तसा कार्यक्रमच असतो. भाऊजींचा फोन ठरलेला. तो रेडिओवाला खूश व्हायचा, म्हणायचा, "अँड नाऊ, मिस्टर गॅजी!" भाऊजी बस चालवायचे, इंग्रजी त्यांचं बसपुरतं. पण राग आला की ते आपल्या म्हणी उचलून जशाच्या तशा इंग्रजीत टाकायचे. "मिस्टर चेअरमन, यू आर कोब्रा सिटिंग ऑन पॉट! कोब्रा नॉट ईटिंग, नॉट गिव्हिंग! ओपन युअर फिस्ट, सर!" धनावरचा नाग म्हणायचं होतं त्यांना. रेडिओवाल्याला काय कळलं देव जाणे, पण पुढं ग्राउंडवर पोरं ओरडायला लागली, ओपन युअर फिस्ट, ओपन युअर फिस्ट. भाऊजी मला येऊन सांगायचे, "सगळा गाव मूठ उघड म्हणतो, वहिनी. तो एकटा बहिरा."

आता ह्यांची स्वतःची मूठ बघा. दिवाळीपर्यंत घरात हीटिंग नाही. स्वेटरावर कोट, कोटावर टाउनचा मफलर, आणि असं बसून टीव्ही. टी-बॅग एकदा वापरली की चिमट्यानं दोरीवर वाळत घालायची. सोफा अजून तोच, माझी वत्सला गेली त्या वर्षी तिनं घेतलेला. वत्सला म्हणजे त्यांची बायको. आम्ही दोघी मोज्यांच्या फॅक्टरीत एका बाकावर बसायचो, ओव्हरलॉकच्या मशीनवर. सुरुवातीला दोन्ही कुटुंबं एकाच घरात होतो, वरती ते, खाली आम्ही, मध्ये घासलेटचा एक स्टोव्ह. तो तासभर वर, तासभर खाली. जिन्यावरून जाता-येता नेमका आमच्या ह्यांच्या हातातून एकदा जिन्याखालच्या पिठावर सांडला, आणि महिनाभर आमच्या भाकरीला घासलेटचा वास. खाल्ल्या. कुणाला सांगणार?

तेव्हा पैसाच नव्हता, आता पेन्शन असून हे असं राहतात, म्हणून मला भाऊजींचा राग यायचा. म्हणलं, "चेअरमनला मूठ उघड म्हणता, आणि तुमचं काय? स्वतः थंडीनं काकडताय!"

"मला कुठं टाउनसारखं वरच्या डिव्हिजनमध्ये जायचंय, वहिनी?" ते म्हणाले. "मी आता गेलो तर थेट वरच जाणार."

हसले मी. पण राग गेला नाही. देवाला एवढ्याशा कामाला बुडवायचं नसतं, देवालाही काही मान आहे. एका जुलैत मी तोंडावर म्हणलं, "भाऊजी, वत्सलेचा गणपती आहे तो. माणूस मरणाच्या दारात असला तर ठेवतात पाण्यात. तुम्ही फुटबॉलच्या पोरासाठी ठेवताय, लाज नाही वाटत?"

ते लिंबानं देवाचं पोट घासत होते. घासता घासता थांबले. म्हणाले, "अजित म्हणालाय ना."

"काय म्हणालाय?"

"स्ट्रायकर घेतला की येतो म्हणालाय."

अजित त्यांचा एकुलता एक. मिल्टन कीन्सला असतो, कॉम्प्युटरमध्ये. गाडीनं तासाभराची वाट, फार तर वर दहा मिनिटं त्यांच्या त्या गोल गोल चौकांची. वर्षात ख्रिसमसला येतो, तेव्हाही घड्याळ बघत.

तो लहान असताना टाउनच्या मॅचसाठी जीव टाकायचा. पण शनिवारी बसवर ओव्हरटाइम मिळायचा, आणि भाऊजी शनिवार सोडत नव्हते. पोरगं मग बापाच्याच बसमध्ये पुढच्या सीटवर बसायचं. बस ग्राउंडच्या दारात थांबायची, बाकीच्या बापांची पोरं उतरायची, मफलर उडवत आत पळायची, आणि बस पुढं जायची. अजित काचेला नाक लावून बसायचा. हे मला वत्सलेनं मशीनवर बसल्या बसल्या सांगितलेलं. ती सांगायची तेव्हा मोजे वाकडे शिवले जायचे.

नवं शतक लागलं, भाऊजी रिटायर झाले. पहिलं काम केलं ते दोन तिकिटं काढली आणि अजितला बोलावलं. बापलेक ग्राउंडमध्ये गेले. टाउन असं हरलं की मांजराच्या मुखवट्यातला माणूससुद्धा अर्ध्यातून निघून गेला. गाडीत बसताना अजित म्हणाला, "बाबा, ह्या लोकांना एक चांगला स्ट्रायकर घेऊ दे, मग मी येतो."

इथं जन्मलेलं पोर. इथली माणसं बोलतात तसं बोलून गेलं, पुढं कधीतरी जेवायला या म्हणतात ना, तसं. पण भाऊजी कऱ्हाडकडचे. तिकडं शब्द दिला म्हणजे दिला. त्यांनी घरी येऊन देव पाण्यात घातला.

हे ऐकलं मात्र, मी चेअरमनला शिव्या द्यायला लागले. मला तो माणूस दिसायला गोरा का तांबडा माहीत नाही, पण गालिच्यांच्या दुकानावरून बस गेली की मी तोंड फिरवायची. एवढी अंथरुणं घेऊन बसलाय मेला, एक गडी घेववत नाही! तिथं एक म्हातारा कोट घालून घरात बसतोय आणि ह्याला हिशेब सुचतात!

त्या वर्षी ऑगस्टचा शेवटचा दिवस. भाऊजींच्या किचनमध्ये रेडिओ सकाळपासून मोठ्यानं लावलेला. मी बागेत मेथी खुडत होते. एकदम आरोळी आली, मला वाटलं पडले की काय. बघते तर भाऊजी कुंपणाकडं पळत येताहेत, हातात ओला गणपती, कोपरापर्यंत पाण्याचे ओघळ.

"घेतला! वहिनी, घेतला! ग्लासगोचा आहे! मूठ उघडली!"

मी पदरानं देव पुसला. वत्सलेचा गणपती, किती दिवसांनी कोरडा झाला. त्याच्यापुढं गूळ ठेवला.

भाऊजींनी अजितला फोन लावला. मी बाजूलाच होते. तिकडून आवाज आला, "ओके बाबा, सॅटर्डेला? येतो, येतो." भाऊजींनी फोन ठेवला, आणि त्या दिवशी त्यांनी हीटिंग लावलं. ऑगस्टात! घर असं तापलं की खिडक्या उघडाव्या लागल्या. सोफ्यावर नवी चादर आली. मला म्हणाले, "वहिनी, त्याला तुमच्या तिखटमिठाच्या पुऱ्या आवडायच्या." शनिवारी मी पहाटे उठून पुऱ्या केल्या.

दहाच्या सुमाराला डबा घेऊन गेले तर भाऊजी फोनवर. फोन कानापासून लांब धरायची त्यांची सवय, त्यामुळं सगळं ऐकू येतं.

"सॉरी बाबा, माझा किचन बसवायला माणूस येणार आहे, तो आजच येणार म्हणतो. नेक्स्ट टाइम पक्की."

"अरे पण स्ट्रायकर घेतला ना," भाऊजी म्हणाले.

"कुठला स्ट्रायकर, बाबा?"

भाऊजींनी सोफ्यावरची नवी चादर सारखी केली. मग म्हणाले, "काही नाही. किचन नीट बसवून घे. नळ बघून घे, गळका देतात." फोन ठेवला. माझ्याकडं बघितलं. "कोट घाला वहिनी. तिकीट वाया जातं."

जन्मात फुटबॉल न बघितलेली मी, नऊवारी सोडून पाचवारीवर आलेली, पाचवारीवर ओव्हरकोट घालून, मांडीवर पुऱ्यांचा डबा घेऊन त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. मागं एक जाडा गोरा होता, भाऊजींच्या ओळखीचा. तो वाकून म्हणाला, "गॅजी! हॅपी नाऊ? दे ओपन्ड द फिस्ट!" भाऊजींनी मान हलवली.

ग्लासगोचा गडी लाल केसांचा, अंगानं आडवा, आमच्या गावच्या पैलवानासारखा. मला खेळ काही कळला नाही, पण तो चेंडूमागं जीव तोडून पळत होता एवढं कळलं. आणि त्यानं गोल मारला! सगळं ग्राउंड उभं राहिलं. मी उभी राहिले, डबा पडता पडता राहिला. जाड्या गोऱ्यानं मला मिठीच मारली असती, साडी बघून थांबला. थोड्या वेळानं त्यानं अजून एक मारला. बँड वाजायला लागला, मांजर कोलांट्या उड्या मारायला लागलं.

भाऊजी बसलेले. हाताची घडी, मफलर हनुवटीपर्यंत, चेहरा लाल.

"ह्याला स्ट्रायकर म्हणतात?" ते ओरडले. "हा कुठला स्ट्रायकर! धिस इज नॉट गुड स्ट्रायकर!"

"ही स्कोअर्ड टू, गॅजी!" जाडा गोरा म्हणाला.

"टू! एनीबडी स्कोअर टू! चीप मटेरियल! मिस्टर चेअरमन, शेम!"

आजूबाजूचे लोक हसायला लागले. म्हातारा चळला म्हणाले असतील. मी हसले नाही. मी डबा उघडला, त्यांच्या हातात पुरी दिली. त्यांनी ती खाल्ली नाही, नुसती धरून बसले.

येताना बसमध्ये पुढच्या सीटवर बसलो. वाटेत म्हणाले, "चेअरमननं फसवलं, वहिनी. स्वस्तातला माल आणून गळ्यात मारला. अजित म्हणाला होता, चांगला. चांगला स्ट्रायकर घेतला तर येतो. पोरगं शब्दाचं पक्कं आहे. ह्यांनी चांगला घेतला असता तर तो आलाच असता."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. फोन घ्यावा आणि त्या पोराला विचारावं, किचनला नळ दोन दिवस उशिरा बसला असता तर तहानेनं मेला असतास का? पण मी डब्याचं झाकण घट्ट लावलं. खिडकीतून ग्राउंडचं दार मागं गेलं. भाऊजींनी तिकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकायला उभी राहिले. समोरच्या खिडकीत काचेचं भांडं परत आलेलं. गणपती आत. भाऊजी स्वेटरावर कोट घालून केटल हातात धरून उभे, हीटिंग बंद असणार. बाजार आता जानेवारीत भरतो. म्हणजे देवाला थंडीभर पाण्यात बसायचं.

मी खिडकी उघडली. मग म्हणलं, "भाऊजी, खरंच हो, काल त्या गड्याचे पाय होते की लाटणी? चेअरमनला म्हणावं, वहिनी सांगतात, मूठ नीट उघडा!"

भाऊजींनी वर बघितलं.

"सांगतो, वहिनी," ते म्हणाले. "शनिवारी रेडिओवर सांगतो."

मग केटलमधलं पाणी बोट घालून बघितलं, गार पाणी मिसळून कोमट केलं, आणि हळू देवाच्या डोक्यावर ओतलं.