रॅकमधला वरचा कप्पा

कोणतीही वस्तू कुठे ठेवायची, हे ती किती जड आहे यावरून ठरत नाही. ती कोणाची आहे यावरून ठरतं. विज्ञानाला हे अजून उमगायचं आहे. जळगावच्या वाघूरकाठ नागरी सहकारी पतसंस्थेला ते उमगलं, आणि त्याबद्दल संस्थेचं कौतुक करावं तेवढं थोडंच आहे.

संस्थेचा सगळा कारभार एका उंच लोखंडी रॅकमध्ये चालतो. चाकांवर उभा, कप्प्याकप्प्यांचा, आत सर्व्हर आणि वायरींचं जंजाळ. लाइट गेली तरी कारभार चालू राहावा म्हणून त्यात एक बॅटरीचा पेटारा असतो, आणि तो उचलताना धडधाकट माणसाच्याही तोंडून आईचं नाव निघतं. हा पेटारा बिघडला, नाशिकला गेला, दुरुस्त होऊन आला. आता तो परत बसवायचा होता.

काम आलं नूतनकडे. नूतन संस्थेची संगणक ऑपरेटर, म्हणजेच संगणक विभाग. ती कंत्राटी होती. तिला कायम करण्याचा ठराव संचालक मंडळापुढे होता. होता म्हणजे चांगला मुरत होता. दर वर्षी मुदत संपत आली की तिच्या आईच्या, इंदिराबाईंच्या, घशाखाली घास उतरत नसे. या खेपेला मात्र ठराव नक्की घेऊ, असं अध्यक्ष झुलालनानांनी स्वतः सांगितलं होतं. बैठक पेटारा बसवायच्या दिवशीच दुपारी होती.

कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं : जड वस्तू सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावी, दोघांनी मिळून उचलावी, चाकं आधी अडकवावीत. इतकं सोपं काम संस्थेत पूर्वी झालेलं नसल्यामुळे ते रीतसर करायचं ठरलं. बॅटरी पुनःस्थापना उपसमिती नेमली गेली. मुहूर्त निघाला, नारळ आला, पेढे आले, सत्काराच्या शाली आल्या. (चाकं अडकवायची खीळ आली नाही. ती विषयपत्रिकेवर नव्हती.)

आता पेटाऱ्याच्या दुरुस्तीचा खर्च झुलालनानांनी केलेला. म्हणून त्यावर ठसठशीत लाल अक्षरांत रंगवलं होतं, ‘कै. दगाजीआबा यांच्या स्मरणार्थ’. नाना हार घेऊन आले, तर नूतन खालचा कप्पा पुसत बसलेली.

“हे काय चाललंय?”

“पेटारा इथे बसेल, नाना. जड आहे ना.”

नाना कार्यालयात प्रमाण मराठी बोलत. रागावले की मूळ गावी जात. “बठ्ठासना पायखाले मना बाप ऱ्हाई का?”

आबा म्हणजे नानांचे वडील, आणि ते सगळ्यांच्या पायांखाली कसे राहतील? नूतनने धीर केला. “नाना, वर ठेवला तर रॅक पुढे कलंडेल. माझं टेबल समोरच आहे.”

तेव्हा रावेरकडचे संचालक बन्सीलालभाऊ पुढे झाले. भाऊंची केळी सगळ्या तालुक्यात नावाजलेली. ते शांतपणे म्हणाले, “केयीचा घड वरतेच राह्यते ना? पडते का? टेकू लावा.”

काय बोलले! उपसमितीच्या माना एकदम डोलल्या. (वादळ आलं की टेकूंसकट बागा आडव्या होतात, हे भाऊंनाही ठाऊक होतं, पण कार्यालयात वादळ कशाला येईल?) तासाभरात बांबू आले.

सगळ्यांनी नूतनकडे पाहिलं. ‘नाही’ तिच्या ओठांवर होतं, आणि ठराव दुपारी होता. तिला भीती वाटत होती, त्याहून जास्त स्वतःचा राग येत होता.

“ठेवू या, नाना,” ती म्हणाली.

शिपाई समाधान आणि आणखी तिघांनी खुर्च्यांवर चढून पेटारा वरच्या कप्प्यात सरकवला. पुढून दोन बांबूंचे टेकू लागले. नारळ फुटला, हार चढला, टाळ्या झाल्या. फोटोत आबांचं नाव नीट दिसेना, म्हणून नानांनी पेटारा हातभर पुढे ओढायला लावला.

बांबू मातीत रुततो. फरशीवर तो घसरतो. रॅकची मागची चाकं उचलली गेली आणि अवघी उपसमिती सत्काराच्या शालींसह दाराकडे धावली. नानांचा मात्र पाय वायरींत अडकला. नूतन उलट्या दिशेने, रॅकच्या मागे पळाली आणि खालच्या रिकाम्या कप्प्यात तिने धपकन बसकण मारली. चाकं खाली आली. नाना वाचले, आबा वरच राहिले.

“पोरगी कामाची शे,” नाना घाम पुसत म्हणाले.

दुपारी ठराव एकमताने मंजूर झाला. नूतन कायम. नेमणुकीचं ठिकाण : रॅक, मागील बाजू, तळकप्पा.

तिथे आता गादी आहे. कीबोर्ड मांडीवर असतो. जेवणाच्या सुट्टीत समाधान बसतो. रजेचा अर्ज विचाराधीन आहे. पहिले काही दिवस ती तिथे बसून रडली, मग पगारवाढ लागली. इंदिराबाईंनी गल्लीत पेढे वाटले आणि त्या कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या. पाचोऱ्याची शाखा पद्धत पाहून गेली. धुळ्याच्या शाखेने तर जाहिरातच दिली : अनुभवाची अट नाही, उमेदवार अंगाने भरलेला असावा.

तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या. पण तुम्हीही कुठेतरी कायम आहातच ना? तिथे दिवसभर तुम्ही नेमकं काय करता, ते आठवून पाहा, आणि तुम्ही घटकाभर जागेवरून हललात तर वरून कोण खाली येईल, तेही पाहा. फक्त बसल्या बसल्या पाहा. उठू नका.