दस्तगीरमामू आणि हत्तीचा पिक्चर

मुहूर्ताचा नारळ फुटला की सगळा स्टुडिओ टाळ्या वाजवायचा आणि आमचे दस्तगीरमामू डोळे घट्ट मिटून स्वतःच्या कानाच्या पाळ्या धरायचे. हातावर पेढा ठेवला तर खायचे नाहीत. कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "सुटला तर खाईन." सुटला म्हणजे पिक्चरचा खर्च निघाला तर. मामूंच्या खिशात असे कित्येक पेढे दगड होऊन पडलेले असत.

मामू आमच्या कोल्हापूरच्या स्टुडिओत कपडेपट सांभाळायचे. राजाचा अंगरखा असो नाहीतर नाचणारणीची नऊवारी, शिवायची त्यांनी, इस्त्री करायची त्यांनी आणि पेटीत घालून कुलूप लावायचं तेही त्यांनीच. मी तिथे प्रॉडक्शन मॅनेजर होतो. माणसं जमवणं, गाड्या सांगणं, जेवण वेळेवर आणणं आणि सगळ्यांच्या शिव्या खाणं हे माझं काम. अशा कामाला आजूबाजूला हसती माणसं लागतात. मामू सकाळी समोर आले की माझा दिवस कामातून गेलाच म्हणून समजा.

कारण मामू पिक्चरचं भविष्य सांगायचे, आणि तेही फेट्यांवरून. "किती फेटे हायती?" हा त्यांचा पहिला प्रश्न. तमाशाचा पिक्चर असला की म्हणायचे, "एक ढोलकी, एक नऊवारी, पाटलाचा नि शाहिराचा फेटा. सुटतंय." पण दरबार, सिंहासन, लढाई असलं काही कानावर पडलं की सुईतला दोरा तसाच सोडून ते खाली बसायचे. "बुडालं!"

ते नेहमी बरोबर असत असं मुळीच नाही. एकदा दोन फेट्यांचा पिक्चर असा आपटला की निर्मात्यानं परत स्टुडिओचं तोंड पाहिलं नाही. आणि एकदा वरातीचा, फेट्यांनी खचाखच भरलेला पिक्चर महिनोन्महिने हटला नाही. मी मामूंना गाठलं. मामू शांतपणे म्हणाले, "वरातीतलं फेटं ज्याचं त्यानं घरनं आनल्यालं असत्यात. ते धरायचं न्हाईत."

त्यांची आणखी एक खोड होती. मोठ्या खर्चाचा पिक्चर लागला की त्या शुक्रवारी निर्मात्याच्या दारातून चपला नाहीशा व्हायच्या. दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत, वर तेल लावून. एका गड्यानं मामूंना चपला काखेत मारून जाताना पाहिलं होतं. हा कसला तरी तोडगा असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. सिनेमाच्या धंद्यात कोण काय तोडगे करील याचा नेम नसतो. कुणी खोदून विचारलं नाही.

अशात आमच्या शंकररावांना हत्ती सुचला.

शंकरराव आमच्या स्टुडिओत पिक्चर काढायचे. भला माणूस. गावरान, विनोदी, कमी खर्चाचे पिक्चर काढायचे आणि दोन घास सुखानं खायचे. पण रंगीत पिक्चरचं वारं आलं आणि ते म्हणायला लागले, "आपण काय जन्मभर ढोलकीच वाजवायची?" मग राजदरबार आला, लढाई आली, सांगलीकडून हत्ती आला. आणि या सगळ्यासाठी मंगळवार पेठेतलं राहतं घर गहाण पडलं.

मामूंची तर झोप उडाली. संध्याकाळी काम संपलं की ते हत्तीपुढे जाऊन बसायचे. हत्ती निवांत उसाची कांडी मोडत असायचा. मामू माझा दंड धरून म्हणायचे, "बघा सायेब, खातोय. मालकाचं घर खातोय!" मी त्यांना झिडकारायचो. पण खरं सांगतो, नंतर नंतर मलाही त्या हत्तीच्या तोंडाकडे बघवेना.

लढाईचं शूटिंग पन्हाळ्याच्या वाटेवरच्या माळावर होतं. सैन्याला मखमली अंगरखे हवे होते. मामूंनी शंकररावांना एवढंच विचारलं, "सैन्य कुनीकडं बघनार, मालक?" शंकरराव म्हणाले, "कॅमेऱ्याकडे. आणखी कुणीकडं?" मामू मान हलवून गेले.

दिवसभर सैन्य छान दिसलं. पण उन्हं कलली, आभाळ तांबडं झालं आणि शंकररावांच्या अंगात दिग्दर्शक संचारला. त्यांनी भोंगा तोंडाला लावला, "सैन्य माघारी वळू दे! सूर्याकडे चालू दे!"

सैन्य वळलं. पुढून मखमल आणि पाठीला गोणपाट! साखरेची पोती फाडून मामूंनी प्रत्येकाच्या पाठी शिवल्या होत्या. शूरांची ती फौज सूर्याकडे निघाली तेव्हा प्रत्येकाच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का होता आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'हूक लावू नये'.

मी हसून हसून जमिनीवर बसलो. हत्तीचा माहूतसुद्धा हसत होता. शंकरराव मात्र पांढरेफटक पडले होते.

"मामू, हे काय केलंत?"

"मालक, अर्धी मखमल वाचली की."

"मी बुडायचीच वाट बघताय तुम्ही!"

मामू म्हणाले, "बुडू ने म्हनूनच की वो, मालक."

शंकररावांनी त्यांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. नवी मखमल आणली, नव्यानं अंगरखे शिवून घेतले, आणि तोवर हत्ती बसून ऊस खात राहिला. मामूंनी वाचवलं त्याच्या कितीतरी पट जास्त गेलं. मामूंना हे कळलं तेव्हा ते गल्लीत मला म्हणाले, "माझ्यापायी हत्तीनं आनखी खाल्लं, सायेब."

शेवटी एका शुक्रवारी पिक्चर लागला. दुपारचा पहिला खेळ तुडुंब भरला. दाराशी ढकलाढकली, पोलीस, फेटे उडताहेत. मी खुशीत येऊन मध्यंतरात आमच्या वितरकाच्या पाठीवर थाप मारली. तो मारवाड्यासारखा हिशेबी माणूस नव्हता, पण त्यालाही बेरीज येत होती. म्हणाला, "हाऊसफुल्ल आहे हो. पण यातनं करमणूक कर सरकारला, भाडं थेटरला, प्रिंटांचा खर्च, जाहिरात. उरतं ते पोस्टरं चिकटवणाऱ्याला पुरेल. त्यात पुण्याहून फोन आलाय, तिकडं निम्म्या खुर्च्या रिकाम्या. असा वर्षभर भरला तरी तुमचा हत्ती सुटत नाही."

शंकरराव मागेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि ते हसले. "मी जरा घरी जातो," म्हणाले.

ते हसणं मला आवडलं नाही. लोकांचे हात हातात घेताना, पान खाताना ते डोळ्यांसमोरून जाईना. खेळ सुटल्यावर मी सायकल काढली आणि मंगळवार पेठेकडे दामटली. कशाची भीती वाटतेय हे माझं मलाच सांगता येत नव्हतं.

दाराशी चपला काढता काढता बघतो तर बाहेरच्या कट्ट्यावर मामू! मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. मला एकदम राग आला. भीती वाटली की मला राग येतो.

"मामू, तुम्हाला काढलंय ना?"

"कामावरनं काढलंय. कट्ट्यावरनं न्हाई."

"फडक्यात काय आहे? चपला ना? आज तरी हे तोडगे बंद करा!"

"हळू बोला, सायेब. आत हायती ते. वैनी अंबाबाईला गेल्यात." मग ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "स्टुडिओच्या थोरल्या मालकांचा बी पिक्चर असाच होता. मी पोरगेला शिंपी. असंच हाऊसफुल्ल. संध्याकाळी मला म्हनले, दस्तगीर, जरा पाय मोकळे करून येतो. मीच चपला म्होरं केल्या. पुसून केल्या, सायेब. सकाळी त्या रंकाळ्याच्या काठाला गावल्या. शेजारी शेजारी, नीट जोडून ठेवल्याल्या."

मी त्यांच्या शेजारी कट्ट्यावर टेकलो.

"अनवानी मानूस लांब जात न्हाई," मामू म्हणाले. "खडं टोचत्यात. टोचलं की घर आठवतंय."

तेवढ्यात दार उघडलं. शंकरराव बाहेर आले. अंगावर पहिल्या खेळाचाच भरजरी कोट. पायरीवर त्यांनी इकडं तिकडं पाहिलं.

"मामू, माझ्या चपला?"

"शिवायला टाकल्यात, मालक. अंगठा उसवलता. उद्या मिळत्यात."

"असं होय." शंकरराव पुन्हा तसंच हसले. "जरा पाय मोकळे करून येतो म्हटलं." आणि त्यांची नजर पायरीवरच्या माझ्या चपलांवर गेली. "तुमच्या घालतो हो. आलोच."

मामूंनी माझ्याकडे पाहिलं. असा घाबरलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

मी वाकलो, माझ्या चपला उचलल्या आणि मामूंच्या मांडीवर ठेवल्या. "माझ्याही उसवल्यात, शंकरराव," मी म्हणालो.

शंकररावांनी त्या मांडीवरच्या चपलांकडे पाहिलं. मग मामूंच्या फडक्यातून बाहेर आलेल्या स्वतःच्या चपलेच्या टोकाकडे. मग ते त्या कोटासकट पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडायला लागले. मामू सरकून त्यांच्या शेजारी बसले. चपला मात्र त्यांनी सोडल्या नाहीत.

घर पुढे गेलंच. शंकरराव भाड्याच्या खोलीत गेले आणि पुन्हा ढोलकीचे पिक्चर काढायला लागले. कपडेपटाची किल्ली त्यांनी स्वतः मामूंच्या घरी नेऊन दिली. पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी वहिनी देवळातून आल्या, त्यांनी काही न विचारता आम्हाला चहा दिला, आणि मामूंनी खिशातून कागदाची पुडी काढली. हत्तीच्या पिक्चरच्या मुहूर्ताचा पेढा होता. पिक्चर तर सुटला नव्हता. मामूंनी तो कट्ट्यावर आपटून फोडला, मोठा तुकडा शंकररावांच्या हातावर ठेवला आणि उरलेला स्वतः तोंडात टाकला.