डाव्या हाताची रजा

“माझा डावा हात रजेवर हाय, साहेब! त्याला कामाला लावायचा न्हाई!”

दातीर नाना एवढ्या मोठ्यानं ओरडले, की खाली सावेडीच्या रस्त्यावर एक रिक्षावाला आपल्यालाच हाक मारली समजून थांबला. समोर आमचे नवे मॅनेजर निमकर साहेब उभे होते. पुण्याहून ताजे ताजे आलेले, अजून नगरचं पाणीही बाधलेलं नव्हतं. त्यांनी अगदी सभ्यपणे एवढंच विचारलं होतं, की तुम्ही स्वतःच्या हातावर बसून का काम करता?

प्रश्न चुकीचा नव्हता. नाना खरोखरच डाव्या हातावर बसले होते. पंजा मांडीखाली, कोपर बाहेर, आणि उजव्या हाताची बोटं कीबोर्डवर अशी पळत होती, जशी प्रत्येकाला वेगळी एसटी पकडायची आहे.

“ही रजा मंजूर कोणी केली?” साहेबांनी विचारलं. मुद्द्याला धरून बोलणारा माणूस.

“मी. हात माझा हाय.”

आमचं ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीच्या वरचा मजला. इथं आम्ही दूध डेऱ्यांचे आणि साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचे प्रोग्रॅम लिहितो. नाना सगळ्यांत जुने. गाव पाथर्डीकडचं, शिक्षण इंजिनिअरिंगचं, बोली घरची, आणि यातलं काहीही कुणासाठी बदलायला ते तयार नाहीत. ते टायपिंग करायला लागले की खालचा गिरणीवाला आपल्या जात्यात खडा गेला समजून गिरणी बंद करायचा. त्यांच्या कीबोर्डवरची अक्षरं केव्हाच झिजून गेली होती. नवा माणूस त्यावर बसला तर त्याला स्वतःचं नाव लिहिता येणार नाही, अशी अवस्था.

माऊस त्यांनी टेबलाला कधी शिवू दिला नाही. “उंदीर कनगीत बी नको आन् टेबलावर बी नको,” म्हणायचे. आमचा कुणाचा हात माऊसकडे गेला, की मागून खाकरायचे. त्या खाकरण्याच्या धाकानं मी घरीसुद्धा टीव्हीचा रिमोट बोटाच्या टोकानं उचलायला लागलो.

नानांचं म्हणणं असं, की प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर ज्यांनी केलं, त्यांनी निम्मी मजा लपवून ठेवली आहे. पडद्यावर दिसतात ती बटणं पाहुण्यारावळ्यांसाठी. घरच्या माणसांना आत यायला मागचं दार असतं, आणि ते दार म्हणजे शॉर्टकट. तो कुणी सांगत नाही, आपण खणून काढायचा. म्हणून जरा उसंत मिळाली की नाना तीन-तीन, चार-चार बटणं एकदम दाबून बघायचे, अनोळखी कुलपाला किल्ल्या लावून बघणाऱ्या चोरासारखे. एकदा असं काही दाबलं गेलं, की अख्खा पडदा उलटा झाला. डोकं खाली, पाय वर. दुसरा कुणी असता तर बोंब मारली असती. नानांनी मॉनिटर उचलला, उलटा ठेवला आणि दुपारभर काम केलं. त्या दुपारी लिहिलेला प्रोग्रॅम आजही एका डेरीत चालू आहे. तिथं लिटर आधी वजा होतात, मग जमा. कुणाची तक्रार नाही.

सापडलेल्या शॉर्टकटला नाव ठेवायचं, हा त्यांचा दुसरा नाद. एखादी ओळ उचलून वर-खाली सरकवायची ती ‘उचलबांगडी’. एक शब्द जिथं जिथं असेल तिथं तिथं एका दणक्यात बदलायचा तो ‘सरसकट’. केलेलं मागं घ्यायचं ती ‘माघार’. ही मात्र ते क्वचितच वापरत. आणि एफ-बारा म्हणजे ‘सातबारा’. कारण ते बटण दाबलं, की प्रोग्रॅममधलं कुठलंही नाव मुळात कुठून आलं, कुणाच्या मालकीचं, ते समोर येतं. आमच्या डेरीच्या प्रोग्रॅममध्येही नानांनी त्याच बटणाला तेच काम दिलं होतं. दाबलं की दूध कुणी घातलं ते दिसतं.

एकदा नेवाशाकडच्या एका डेरीच्या सचिवांचा फोन आला, की सकाळचं एक कॅन कुणाचं आहे तेच दिसेना.

“सातबारा दाबा,” नाना म्हणाले.

“दाबू?”

“दाबा की. जोरात दाबा.” आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सचिव स्वतः आमच्या दारात. हातात शेताचा सातबारा, इस्त्री केल्यासारखा सपाट. “रातभर गादीखाली दाबला, वर मी झोपलो,” ते म्हणाले, “तरी दूध कुनाचं ते कळंना.”

आम्ही सगळे टेबलाखाली गेलो. नाना हसले नाहीत. त्यांनी तो कागद दोन्ही बाजूंनी नीट बघितला. “पालथा दाबला आसंल,” म्हणाले.

या वेडात त्यांना तोडीस तोड एकच माणूस होता, अश्फाकभाई. मुकुंदनगरचे, नानांच्याच वयाचे, शेजारच्याच खुर्चीवर बसणारे. दोघांच्यात कायम चुरस. आज यानं एक शॉर्टकट खणला, की उद्या त्यानं त्याच्याहून खोल खणलेला. अश्फाकभाईंचा सगळ्यांत गाजलेला शोध म्हणजे ‘माळीवाडा’. प्रोग्रॅममध्ये भटकत भटकत माणूस कुठल्या कुठं जातो आणि मघाशी आपण कुठं काम करत होतो तेच विसरतो. हा शॉर्टकट दाबला की थेट तिथंच परत. “कुठंही फिर,” भाई म्हणायचे, “शेवटी माळीवाडा स्टँडवरच उतरणार.”

नानांचं म्हणणं, तो आधी मला सापडला होता. फक्त नाव ठेवायचं राहिलं होतं.

यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. हसू नका. भाऊबंदकीत बांधावरून कोर्टात गेलेली माणसं या जिल्ह्यात कमी नाहीत, आणि हा तर सरळ मालकी हक्काचा प्रश्न होता. खुर्च्या एकमेकींना चिकटलेल्या, पण बोलणं माझ्यामार्फत. “मह्या, त्याला सांग, पंखा बंद कर.” “मह्या, याला सांग, बटण तुझ्याच बाजूला आहे.” मी मधे बसून निरोप पोचवायचो. दोन देशांचा राजदूतसुद्धा माझ्याइतका दमत नसेल.

आणि ऐन गळिताच्या हंगामात, केडगावच्या पुढं, ट्रॉलीतून सांडलेल्या उसावरून अश्फाकभाईंची गाडी घसरली. जीव वाचला. डावा हात मात्र रुसला तो रुसलाच. बोटं जागच्या जागी, पण एकही ऐकेना.

आम्ही सगळे दवाखान्यात जाऊन आलो. नाना गेले नाहीत. “मी बोलत न्हाई त्याच्याशी,” एवढंच म्हणाले, आणि आपला डबा भाईंच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. सगळ्यांना ते लागलं. मलाही लागलं. नवीन आलेल्या एका मुलीनं तिथं बसायला खुर्ची ओढली, तर नाना म्हणाले, “मोडकी हाय ती.” दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यांनी खुर्चीचा पाय वायरनं आपल्या टेबलाला बांधून टाकलेला. माणूस गेला तरी जागेवर कब्जा, असं ऑफिसात लोक कुजबुजले.

मालकांनी ठरवलं होतं, महिनाअखेरपर्यंत वाट बघायची. एका हातानं प्रोग्रॅम कसे लिहिणार? नाही जमलं तर त्या जागेवर दुसरा माणूस घ्यायचा. निमकर साहेब आले ते हाच निरोप घेऊन.

नानांचा डावा हात रजेवर गेला तो याच दिवसांत. रोज सकाळी यायचे, डबा खुर्चीवर, हात मांडीखाली. तर्कांना ऊत आला. कुणी म्हणालं, शिर्डीला नवस बोललेत. गिरणीवाल्याचं ठाम मत, की मुठीत अंडं धरून उबवतायत. मी स्वतः पसरवलं होतं, की नानांच्या डाव्या हातानं त्यांना न विचारता माऊस धरला, त्याची ही शिक्षा आहे. हे पुष्कळांना पटलं.

त्यात भर त्या ‘टुंग’ची. शिफ्टचं बटण लागोपाठ दाबत राहिलं, की कॉम्प्युटर टुंग करून एक प्रश्न विचारतो. जगातला प्रत्येक माणूस तो न वाचता ‘नाही’ म्हणतो. नाना ‘हो’ म्हणायचे. मग एकदम धरायची बटणं एकामागून एक दाबली तरी चालतात. नानांकडून दिवसभर टुंग, टुंग. खालच्या गल्लीत कुल्फीवाल्याच्या घंटेला कुणी बाहेर येईना आणि त्याचा धंदा बसला, असं मी ऐकून आहे.

तर त्या दिवशी ‘हात माझा हाय’ ऐकून साहेब म्हणाले, “ठीक आहे. हात तुमचा. पण सोमवारपासून कुठल्या बटणाला कुठलं काम, ही मांडणी सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एकच राहील. तुमच्या कॉम्प्युटरवर दुसरं कुणी बसलं तर त्याला काही कळत नाही. तुमची मी काढून टाकणार.”

“न्हाई काढायची.”

“कारण सांगा.”

“कारन न्हाई. न्हाई म्हंजे न्हाई.”

“दातीर, मांडणी मी ठरवतो.”

“मग मला बी काढा.”

साहेबांनी खुर्ची ओढली आणि शांतपणे नानांसमोर एक काम ठेवलं. वजनकाट्याचा एक लांबलचक प्रोग्रॅम, त्यात एक नाव सगळीकडे बदलायचं, काही तुकडे वर न्यायचे, काही खाली. “एका हातानं करून दाखवा. माझ्या वेगानं झालं, तर मांडणी राहील.”

साहेबांनी शेजारच्या कॉम्प्युटरवर तेच काम सुरू केलं. नाना मांडी आवळून बसले.

मी आयुष्यात अनेक कुस्त्या बघितल्या, पण एका माणसाच्या दोन हातांची कुस्ती त्या दिवशीच. उजवा हात बरा चालला होता. डावा मात्र गोठ्यातून सुटलेल्या वासरासारखा निसटून कंट्रोलच्या बटणाकडे धावायचा. नाना त्याला ओढून परत मांडीखाली कोंबायचे. तो परत सुटायचा. सरसकट मारायला गेले, उचलबांगडी झाली. माघार घ्यायला गेले, तर हात पार मुंग्या येऊन टेबलावर पडला आणि त्यानं कोपरानं अख्खं पान पुसलं. साहेबांचं काम केव्हाच झालं होतं. नानांच्या शर्टाची पाठ ओली.

“बघितलंत?” साहेब म्हणाले. आवाजात चढेलपणा नव्हता. “एका हाताला जमत नाही.”

“मला कसं जमंल?” नाना म्हणाले. “मला दोन हायेत.”

नाना मुंग्या आलेला हात चोळत होते.

“दुसरा हाय, हे त्याला ठावं हाय, म्हनून तो पळतो,” ते कीबोर्डकडे बघत म्हणाले. “ज्याला एकच हाय त्याला बोलवा. त्याला न्हाई जमलं, तर खुर्ची मी सोता सोडून देतो.”

तेव्हा पहिल्यांदा मी पडद्यावरच्या यादीत ती मांडणी नीट बघितली. नानांनी सगळंच्या सगळं उजव्या अंगाला आणलं होतं. माघार एंटरच्या शेजारी. सातबारा पार वरून उचलून अंगठ्याच्या टप्प्यात. सरसकट, उचलबांगडी, सगळं एका पंजात मावेल असं. आणि जिथं उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप टेकतं, त्या सगळ्यांत सुखाच्या जागेवर माळीवाडा.

साहेबांनी एकेक बटण बोटानं मोजून बघितलं. “बोलवा,” म्हणाले.

“मह्या, फोन लाव त्याला,” नाना म्हणाले. “मी बोलत न्हाई त्याच्याशी.”

सोमवारी भाभी स्कूटरवरून अश्फाकभाईंना सोडून गेल्या. भाई वाळले होते. डावा हात शर्टाच्या खिशात अडकवलेला. नानांनी आपली मांडणी भाईंच्या कॉम्प्युटरवर आधीच चढवून ठेवली होती. आता खाली वाकून त्यांनी खुर्चीची वायर सोडली आणि स्वतःच्या स्क्रीनकडे तोंड करून बसले. साहेबांनी तेच काम भाईंसमोर ठेवलं.

भाईंनी आधी एकेक बटण चाचपून बघितलं. टुंग वाजलं. ‘हो’ म्हणाले.

“मह्या, याला सांग, सरसकट लांब पडतंय.”

“मह्या, त्याला सांग, बोटंच आखूड हायेत त्याची.”

“याला सांग, माघार चुकीच्या ठिकाणी आहे. सारखा हात लागतोय.”

“त्याला सांग, सवय लाव. बाकीचं मी एवढं केलं, सवय बी मीच लावू का?”

मी दोन्हीकडे मान हलवत होतो, निरोप आपले आपण पोचत होते. भाई चुकले, परत फिरले, पुन्हा चुकले. मग हळूहळू हात बसायला लागला. प्रोग्रॅमच्या पार टोकाला गेल्यावर ते अडले. मघाचं काम कुठं राहिलं ते सापडेना. नजर बटणांवर फिरली आणि पहिल्या बोटाखालीच थांबली. त्यांनी ते दाबलं आणि जिथं होते तिथं परत आले. त्यानंतर क्षणभर त्यांनी ते बोट उचललंच नाही.

चमत्कार वगैरे झाला नाही. साहेबांच्या वेगाच्या जवळपासही काम गेलं नाही. पण पूर्ण झालं, आणि एकही चूक नव्हती. साहेबांनी वरपासून खालपर्यंत तपासलं, चष्मा पुसला. “वेग येईल,” म्हणाले. “ही मांडणी राहू द्या. मालकांना मी कळवतो, जागा भरलेली आहे.” आणि आपल्या केबिनमध्ये गेले.

तेवढ्यात टपरीवरून चहा आला. काचेचे ग्लास, काठोकाठ भरलेले, धरायला चटके बसणारे. अश्फाकभाईंचा उजवा हात अजून बटणांवरच होता. त्यांनी ग्लासाकडे बघितलं, खिशातल्या हाताकडे बघितलं, आणि माझ्याकडे न बघता थेट शेजारी वळले.

“दातीर, सगळं काम या एकाच हाताला देऊन ठेवलंस. आता मी चहा कशानं पिऊ?”

नानांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही.

“मी हाय की.”