'त्व' गेला चुणीत

मस्करी कशी करायची ते मला विचारा. खर्च शून्य, पुरावा शून्य, आणि समोरचा आठवडाभर डोकं खाजवत बसला पाहिजे. पंच्याऐंशी साली नेरूळच्या शिबिरात मला फक्त दोन सेफ्टी पिना लागल्या.

मी आरोग्य केंद्राच्या जीपवर ड्रायव्हर. खेड्यापाड्यांतल्या तीस नर्सबायांना नव्या हॉलमध्ये दोन दिवस नेतृत्व शिकवायचं आणि जमलंच तर थोडा आराम द्यायचा, असा सरकारी बेत. आमच्या गिरजाबाई सिस्टर आरामासाठीच आल्या होत्या.

"विलास, अकरा वर्षांत सलग दोन तास झोपले नाही रे. डोळा लागला की कोणीतरी दार वाजवतंच. दुपारी शवासन आहे म्हणे. मला तेवढं मिळू दे, नेतृत्व राहू दे तिकडे."

"मिळणार. आपली गॅरंटी."

आता आमचे साहेब, रावसाहेब. माणूस भला, पण आज कार्यक्रम कसला, हे बॅनर वाचून सांगणारा. गेटवर बॅनर होता 'नेतृत्व शिबिर'. मी मध्ये एक चुणी घेतली, मागून पिना मारल्या. 'त्व' गायब. उरलं 'नेतृ शिबिर'. साहेब आत येताना ते वाचणार, माईकवर तेच म्हणणार, तीस बायका तोंडाला पदर लावणार. एवढाच प्लॅन, देवाशपथ!

पण साहेबांच्या आधी बाजाराला जाणाऱ्यांनी बॅनर वाचला, तोही 'नेत्र शिबिर' असा. वाचता येतं त्या सगळ्यांना शुद्धलेखन येतं थोडंच? त्यात दारात दवाखान्याची जीप, आत पांढऱ्या साड्या. अकराला चांगुणाबाई नावाची आजी काठी टेकत हजर.

"डोले कवा तपासनार रं?"

"आजी, हे डोळ्यांचं नाय. हे नेतृत्वाचं."

"त्येच त. नेत्राचंच पायजेल आमाला."

बाराला चाळीस म्हातारे, एकला शंभर. कामोठ्याहून टेम्पो भरून आला. एक आजोबा तर ऑपरेशन असणार म्हणून सकाळपासून उपाशी!

आत मुंबईच्या सुमेधा मॅडम शिकवत होत्या, "सगळं स्वतः करतो तो हमाल. काम वाटून देतो तो नेता." मग सतरंज्या पसरल्या, शवासन सुरू झालं. गिरजाबाईंनी डोळे मिटले, आणि बाहेरून कोणीतरी दारावर काठी आपटली. "सिस्टर, ओ सिस्टर!"

तीसच्या तीस उठून बसल्या. सवय हो! आणि गॅरंटी माझी.

तेवढ्यात रावसाहेब पोचले. "विलास, ही गर्दी कसली?"

"जनजागृती, साहेब."

गिरजाबाई बाहेर आल्या. बॅनरवरून हात फिरवला, पिना काढल्या, माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

"साहेब, डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावा. रविवारी इथंच बोलवा. या माणसांची खेप फुकट जायला नको." साहेब चक्क गेले. "विलास, एकेकाचं नाव, गाव, कुठला डोळा, ते लिहून घे. उपाशी असतील त्यांना आमच्यातलं जेवण वाढ. मग घरी सोडून ये. सगळ्यांना."

"आणि तुम्ही, सिस्टर?"

"मी काम वाटून दिलं ना."

आत गेल्या, कडी लावली. खिडकीतून पाहिलं, तर सुमेधा मॅडमही सतरंजीवर आडव्या.

एकशे सात नावं, पंधरा फेऱ्या. डॉक्टर रविवारी यायला कबूल झाले, तेव्हा मला जरा बरं वाटलं. शेवटच्या फेरीला चांगुणाबाई म्हणाली, "डाक्तर, तुमी लई गुनाचे." मी काठी तिच्या हातात दिली आणि जीप वळवली.

रात्री आठला परतलो. कडी तशीच. आतून घोरण्याचा असा आवाज, जणू दगडाच्या खाणीत रात्रपाळी सुरू आहे. दाराशी रावसाहेब, हातात कागद. भाषण राहिलं होतं.

"विलास, दार वाजव."

"तुम्हीच वाजवा, साहेब. नेतृत्व तुमच्याकडे."

साहेबांनी हात उचलला, कान दिला आणि हात खाली घेतला. पायरीवर बसले. मला शेजारी बसवलं.

"तू तरी ऐक," म्हणाले.

चाळीस मिनिटं वाचलं, कुजबुजत. मध्येमध्ये मला टाळ्याही वाजवायच्या होत्या. आवाज न करता.