चाळीस पावलांवरचे बुवा

नेमबाजीत मला कुणी शिकवू नये, असं माझं पंच्याण्णव सालच्या माघापर्यंत अगदी ठाम मत होतं. अडतीस वर्षं मास्तरकी केली. मागच्या बाकावर पेंगणाऱ्या पोराच्या कपाळावर फळ्याजवळून खडू मारला, की तो कपाळावरच बसायचा! नाकावर नाही, कानावर नाही, कपाळावर! त्यामुळे निवृत्तीनंतर शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना हातात पडला, तेव्हा अख्ख्या गावाला मी पारावरून सांगून टाकलं, "डुकरांना आता कळेल, मका कुणाचा आहे ते!"

खरं तर परवान्याचं म्हणणं एवढंच होतं, की बार काढून डुकरं हाकला. पण हाकलायचं तरी ऐटीत हाकलावं की!

साताऱ्याच्या दुकानदारानं एकनळी बारा बोअरची बंदूक माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "गुरुजी, लग्न झाल्यावर माणसाचा स्वभाव कळतो ना, तसं हिचंही आहे. आधी मोठ्या कागदावर मधोमध वर्तुळ काढा. चाळीस पावलांवरून बार टाका. छर्रे कुठं जातात, किती पसरतात ते बघा. मग शेतात जा."

मोठा कागद! आमच्या खंडाळ्याकडच्या गावात एवढा मोठा कागद आणायचा कुठून? आणि मग आठवलं, माळ्यावर गठ्ठाच आहे!

तो गठ्ठा होता कीर्तन सप्ताहाच्या जाहिरातींचा. माधवनगरचे भार्गवबुवा आमच्या गावी येणार होते. सात वर्षं मी त्यांना पत्रं लिहीत होतो. त्यांचा आवाज म्हणजे, काय सांगू, पूर्वरंगात तुळशीवर पाणी घातल्यासारखा आणि उत्तररंगात धरणाचे दरवाजे उघडल्यासारखा! सात वर्षांनी होकार आला, त्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली आणि अर्धी स्वतःच खाल्ली. जाहिरातीवर मधोमध पगडीतले हसरे बुवा, भोवती कार्यक्रम. मागची बाजू मात्र कोरी, पांढरीशुभ्र.

पन्नासातले पाच कागद घेतले तर कुणाला कळणार?

आता मी भाविक माणूस. बुवांच्या तोंडावर बार कसा टाकणार? बांधाला टेकवून कागद बाभळीच्या काट्यांनी टोचला, तो उलटा. म्हणजे बुवांचं तोंड बांधाकडं आणि कोरी बाजू माझ्याकडं. वर नमस्कारही केला. मग कोऱ्या बाजूवर कोळशानं मधोमध छान वर्तुळ काढलं. त्या वर्तुळाच्या बरोबर मागं काय छापलंय, हा विचार माझ्या डोक्यात आला असता, तर ही गोष्टच घडली नसती!

चाळीस पावलं मोजली. बंदूक खांद्याला लावली. "राम कृष्ण हरी" म्हटलं आणि बार!

बांधावरचे होले उडाले. मी ऐटीत कागदापाशी गेलो. वर्तुळ कोरं! छर्रे सगळे वरच्या कडेला, परीक्षेत नापास झालेल्या पोरांसारखे कोपऱ्यात उभे. प्रत्येक बाराला नवा कागद लावला. दुसरा बार डावीकडं. तिसरा खाली. चौथा उजवीकडं. पाचव्यानं तर कागदाला हातही लावला नाही, वरच्या बाभळीची फांदी तेवढी खाली आली.

वाटेत सरपंच लालासाहेब भेटले. "बाराचा आवाज आला, गुरुजी. कसा काय नेम?"

"सगळं मधोमध!" मी म्हणालो. जीभच ती! मास्तरांची असली म्हणून काय झालं!

भोकं पडलेले चार कागद मी माळ्यावरच्या गठ्ठ्यात मधेच सरकवून टाकले. पद्मा, म्हणजे आमची सौभाग्यवती, सकाळी देवळात गेली की बंबात घालू, असा बेत. पण सप्ताह त्याच संध्याकाळी बसायचा होता; सकाळी मी अंघोळीला बसलो आणि तेवढ्यात उरलेल्या जाहिराती चिकटवायला गावातला नानासो आला. पद्मानं मोठ्या मनानं अख्खा गठ्ठा त्याच्या हवाली केला.

पहिली आरोळी आली ती मारुतीच्या देवळाकडून. तानुबाईची. तानुबाई म्हणजे सत्तरीची, काकडआरतीला देवाच्याही आधी उठणारी बाई.

"आवं, बुवांवर कुनी बार टाकला वं!"

मी ओल्या अंगावर धोतर गुंडाळून धावलो. देवळाच्या भिंतीवर भार्गवबुवा हसत होते आणि त्यांच्या पगडीच्या वर अकरा भोकं! भोकांतून खळ बाहेर ओघळत होती.

"नान्या, चिकटवताना दिसलं न्हाई व्हय रं तुला?" लालासाहेब ओरडले.

"दिसलं की," नानासो म्हणाला. "मला वाटलं, शेरात हल्ली जाळीचा कागद निघालाय. वारं खेळतंय त्यातनं!"

चावडीवर एक, शाळेवर एक, एसटीच्या थांब्यावर एक. चारही ठिकाणी माणसं जमली. लालासाहेबांनी सगळ्या बुवांचं बारकाईनं निरीक्षण केलं आणि निकाल दिला, "हे पलीकडल्या गावचं काम हाय. त्यास्नी बी बुवा पायजे हुते."

"आवं सरपंच, पर बंदूक तर गुरुजींकडंच हाय," नानासो म्हणाला.

आता सापडलो! चला, सुटलो एकदाचा, असंही वाटलं.

"गप रं!" लालासाहेब कडाडले. "गुरुजींचा नेम हाय त्यो! सगळं मधोमध! गुरुजींनी मारलं असतं, तर बुवांचं नाक ऱ्हायलं असतं का जाग्यावर?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मीही, देवा क्षमा कर, डोलावली!

तेवढ्यात तानुबाईनं निरखून बघितलं आणि हात जोडले. "चारी कागदांवर बुवांना येक बी छर्रा लागला न्हाई. द्येवानं हात आडवा घातलाय!" तिनं पदराच्या टोकाची दोन झेंडूची फुलं भिंतीपाशी ठेवली. दुपारपर्यंत चारही भिंतींपाशी उदबत्त्या!

टेलिफोन बूथवरून लालासाहेबांनी माधवनगरला कळवलं. बुवांच्या घरचे म्हणाले, नका जाऊ. बुवा म्हणाले, जातो, पण बंदोबस्त असू द्या. लालासाहेब परत आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गुरुजी, बंदोबस्त तुमचा! बुवांच्या बाजूला बंदूक घिऊन हुबं ऱ्हायाचं. आनि कीर्तन झालं की उद्या सकाळी पलीकडल्या गावात जाऊ, वीस गडी घिऊन. बघतोच येकेकाला!"

घरी येऊन मी पद्माला सगळं सांगितलं. ती हसली नाही, हे विशेष. म्हणाली, "नेम कसा धरला होता, दाखवा बघू. रिकामीच घ्या."

मी बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री केली, खांद्याला लावली. "राम कृष्ण हरी" म्हटलं.

"अहो!"

"काय?"

"डोळे मिटलेत की तुम्ही!"

"छे!"

"पुन्हा करा."

पुन्हा केलं. देवाचं नाव तोंडात आलं आणि पापण्या आपोआप खाली! चाळीस वर्षं कीर्तनात बसायची सवय, हो! नामाचा गजर झाला की आपले डोळे मिटतात, मग समोर बुवा असोत की डुक्कर!

"आता गावाला सांगा," पद्मा म्हणाली. "उद्या वीस माणसं कुणाची तरी डोकी फोडून येतील."

"सांगितलं तर बुवा उठून जातील, पद्मा. सात वर्षं..."

"मग जाऊ देत," ती म्हणाली आणि देवापुढं वात लावायला गेली.

संध्याकाळी मंडप भरला. बुवा आले, प्रत्यक्षात फोटोपेक्षा बुटके आणि जास्त हसरे. पेटी लागली, तबला लागला. त्यांच्या डाव्या हाताला मी, खांद्यावर रिकामी बंदूक, देवळाच्या दारातल्या दगडी द्वारपालासारखा. उत्तररंगाला बुवांनी काय घ्यावं? प्रल्हाद! "ज्याला नारायण राखतो," ते म्हणाले, "त्याला अग्नी जाळत नाही, आणि या गावात तर छर्रेसुद्धा वाट सोडून जातात!"

तानुबाई हुंदके देत होती. माणसं डोळे पुसत होती. असं रंगलेलं कीर्तन मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि मला त्यातलं एक अक्षर गोड लागत नव्हतं! बायकांच्या बाजूनं पद्मा माझ्याकडं बघत होती.

"बुवा," मी म्हणालो. पेटी थांबली. "तो बार मी टाकला."

तबलजीच्या हातातली हातोडीच खाली पडली. मी सगळं सांगितलं. वर्तुळ, गठ्ठा, बंब, मधोमध, मिटलेले डोळे. लालासाहेबांचं तोंड उघडं ते उघडंच!

बुवांनी झांज खाली ठेवली.

"गुरुजी, नेम कुठं धरला होता?"

"वर्तुळाच्या मध्यावर."

"आणि मध्याच्या मागं?"

"आपण होतात."

"किती पावलांवरून?"

"चाळीस."

"किती बार?"

"पाच."

बुवांनी छताकडं बघून हात जोडले. "मग मंडळी, चमत्कार नव्हे तर काय हा!"

मंडप असा हसला, की मांडवाचे वासे हलले. लालासाहेब मांडीवर थापा मारत होते. वीस गडी घेऊन जायचा बेत त्या हसण्यातच वाहून गेला. मी खालमानेनं बंदूक घेऊन निघालो, तर बुवांनी हाक मारली.

"गुरुजी, बंदोबस्त सोडून कुठं निघालात? बसा इथं, माझ्या समोर. आणि सप्ताहभर नेम माझ्यावरच धरा. तालुक्यात एवढी सुरक्षित जागा दुसरी नाही!"

सातही दिवस बसलो. बुवांचं कीर्तन एवढ्या जवळून ऐकायचं भाग्य गावात दुसऱ्या कुणालाच मिळालं नाही.

फक्त एक झालं. बुवांचं ते सुरक्षित जागेचं वाक्य कुणीतरी डुकरांनाही सांगितलेलं दिसतं. आताशा ती बांधाआड लपत नाहीत. मी बंदूक खांद्याला लावली, की सरळ माझ्या समोर येऊन मका खातात!