रघुशेठच्या नावावर

जुलैमधल्या एका मंगळवारी सकाळी सुधा गेली. ती माझी बायको. अबुधाबीत ती नर्स होती. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिच्या व्हिसावर राहत होतो. तो व्हिसा तिच्याबरोबर संपला आणि मला देश सोडायला काही महिन्यांची मुदत मिळाली.

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे रघुशेठ भेटायला आले, ते स्वेटर घालून. बाहेर पंचेचाळीस अंश तापमान होतं. स्वेटर तपकिरी, लोकरीचा, गळ्यापर्यंत बंद. ते माझ्यासमोर बसले आणि घामाने निथळत राहिले. मग माझी नजर स्वेटरवर गेलेली पाहून म्हणाले, “सवय करतोय, मास्तर. मनावर घेऊ नका.”

सवय युरोपची चालली होती.

रघुशेठ मूळचे कुडाळकडचे. अबुधाबीच्या कारखान्यांच्या भागात, मुसफ्फात, वेल्डर म्हणून आले, कामगारांच्या कॅम्पात एका खोलीत आठजण राहिले, आणि आता त्याच मुसफ्फात त्यांचं स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. लग्न राहून गेलं. का राहिलं विचारलं तर म्हणत, “ऑर्डरी होत्या.” पैसा भरपूर, पण राहतात मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्याच व्हिलात. मालकाने व्हिलाचे तुकडे करून भाड्याने दिलेत. वरचा तुकडा त्यांचा, खालचा आमचा.

त्यांच्या डोक्यात थंडी कोणी घातली, माहीत नाही. युरोपातल्या काही देशांत म्हणे श्रीमंत परदेशी माणसाला वर्षाला एक ठरलेली रक्कम कर म्हणून भरून राहता येतं. बाहेरच्या देशांत तो किती कमावतो, हे कोणी विचारत नाही. शेठना हे ऐकताक्षणी समजलं. “म्हणजे उक्तं काम! आपण लोखंडी जिना किलोवर करतो, नाहीतर उक्ता घेतो. हा उक्ता टॅक्स. खलास!”

“पण शेठ, इथे तर टॅक्सच नाही,” मी म्हणालो. “असलेलं सोडून भरायला कशाला जाता?”

“इथे टॅक्स नाही, तशी थंडीपण नाही. मी थंडीचे पैसे भरणार.” उन्हात लोखंड जोडत आयुष्य गेलेल्या माणसाशी यावर काय वाद घालायचा?

तयारी जोरात सुरू झाली. घरातला एसी सोळावर. मोजे दोन-दोन. सुपरमार्केटात दुधाच्या थंड कपाटांसमोर ते स्वेटर घालून अर्धा अर्धा तास उभे राहत. एकदा तिथला सुरक्षारक्षक नम्रपणे विचारायला आला, “सर, कुछ चाहिए?” शेठ म्हणाले, “नहीं हबीबी, प्रॅक्टिस.” त्याने पुढच्या वेळी त्यांना खुर्ची आणून दिली.

अशी रेसिडेन्सी मिळवून देणारे एजंट हॉटेलात सेमिनार घेतात. मी घरात एकटा बसू नये म्हणून असेल, शेठ मला घेऊन जायला लागले. सांगायचे मात्र वेगळंच. “तुम्ही वाचणारे. बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. मी बिस्किटं बघतो.”

पडद्यावर बर्फाचे डोंगर यायचे. टाय लावलेला रेहान नावाचा एजंट सगळं समजावून सांगायचा. शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली की शेठचा हात वर. प्रश्न दर वेळी एकच.

“मेरे नाम पे कितना आदमी आ सकता है?”

“वाइफ, चिल्ड्रन, पेरेंट्स, सर.”

“वो तो नहीं है.”

“तो फिर सिर्फ आप, सर.”

शेठ चिडायचे. “मुसफ्फा में चालीस आदमी मेरे नाम पे है. चालीस! और तुम इतना टॅक्स लेके एकही आदमी लेगा?”

लोक हसायचे. मीही हसायचो. यात शेठची चूक काय होती? इकडे नवा माणूस भेटला की तो काय करतो हे मागाहून विचारतात. आधी विचारतात, कोणाच्या व्हिसावर? प्रत्येक जण कोणाच्या तरी नावावर असतो. जगात सगळीकडे असंच चालत असणार, असं शेठ धरून चालले होते. मला वाटायचं, त्यांना आपला जुना फोरमन सोबत न्यायचा असेल.

इकडे माझी मुदत सरत आली. सांगलीला भाऊ आहे, त्याचं घर आहे, तो रोज फोन करत होता. पण सुधाचे कपडे अजून दोरीवर होते. ते काढून घडी घालणंही मला जमत नव्हतं, तर घर कसं बंद करणार? मी हे कोणाला बोललो नव्हतो. एक दिवस शेठ जिन्यावरूनच ओरडले, “मास्तर, फोटो द्या दोन! पांढऱ्या बॅकग्राउंडचे!”

वयामुळे जास्तीचे कागद लागले. मेडिकल झाली. आणि एका दुपारी मी रघुशेठच्या व्हिसावर त्यांच्या वर्कशॉपचा स्टोअरकीपर झालो. पहिल्याच दिवशी मी वॉशरच्या पेटीवर नटांची चिठ्ठी लावली. फोरमनने ती काढली, मला चहा दिला आणि हात जोडले. “सर, आप बस पेपर पढिए.”

हिवाळ्याच्या तोंडावर शेठना युरोपची मंजुरी आली. अट एवढीच की वर्षातला बराच काळ तिथे राहायचं. म्हणजे वर्कशॉप विकणं आलं. गिऱ्हाईक तयार होतं. मी अभिनंदन करायला वर गेलो, तर शेठ “इन्शाल्ला, इन्शाल्ला” करत आत निघून गेले.

दोन आठवड्यांनी मला रेहानचा फोन आला.

“सर, आप ही समझाइए उनको. वो मना कर रहे हैं.”

“मी? माझा नंबर तुम्हाला कुठून मिळाला?” मी गोंधळून मराठीतच बोललो, मग तेच हिंदीत विचारलं.

“फॉर्म से, सर. पहला फॉर्म तो वापस आया था. फॅमिली के कॉलम में आपका नाम लिखा था. रिलेशन में लिखा था, नेबर. सर, नेबर की कॅटेगरी किसी भी कंट्री में नहीं है.”

मी फोन ठेवला आणि वर गेलो. शुक्रवारची दुपार होती. शेठ बंगडे साफ करत होते.

“शेठ, तुम्ही का जात नाही?”

“विकलं की सगळी माणसं नव्या मालकाकडे जाणार. ती कारागीर माणसं, त्यांना कोणीही ठेवील.” त्यांनी मान वर केली नाही. “तुम्हाला कोण ठेवणार? तुम्हाला नट ओळखता येत नाही.”

“मी सांगलीला गेलो असतो.”

“जायचंय?”

मी ओट्यावरची बंगड्यांची ताटली त्यांच्याकडे सरकवली.

“मग झालं तर.” त्यांनी बंगडा धुतला, दुसरा घेतला. “मास्तर, एवढी वर्षं मी माणसं आणली. चांगली माणसं. पण माझं दार वाजतं ते कामासाठी. सुट्टी पाहिजे, ॲडव्हान्स पाहिजे, भावाला व्हिसा पाहिजे. बिनकामाचे तुम्ही एकटेच येता.”

मग एकदम आवाज चढवून म्हणाले, “उभे काय राहिलात? मीठ द्या. डाव्या हाताला आहे.”

मी मीठ दिलं. मग आम्ही जेवलो.

शेठनी वर्कशॉप विकलं नाही. मंजुरीची मुदत मार्चमध्ये संपली. माझ्या व्हिसाची दोन वर्षांची आहे. सध्या ते वर राहतात आणि मी खाली राहतो.