चिंचेने धुतलेला राजा

वसंतकाकांच्या घरी गेलात की पाणी मिळायच्या आधी हातात भिंग मिळतं. मग डबीतून तांब्याचं एक नाणं निघतं आणि प्रश्न येतो, "बोला, कुणाचं?" गॅसवाल्यालाही त्यांनी सोडलेलं नाही. तो बिचारा म्हणाला, शिवकाळातलं असेल. काका म्हणाले, "असेल. आपण सिलिंडर आत ठेवा."

त्यांच्या मते नाणं सातवाहनांचं. वाघोलीला राहणारे त्यांचे थोरले भाऊ, दादा, म्हणतात क्षत्रपांचं. यावरून दोघं फोनवर असे भांडतात की शेजारच्या फ्लॅटमध्ये बसून माझी दोन्ही घराणी पाठ झाली आहेत.

नाणं वडिलोपार्जित, म्हणून त्याची पाळी असते. एक वर्ष इथे कोथरूडला काकांकडे, एक वर्ष वाघोलीला. धनत्रयोदशीच्या पूजेला ज्याची पाळी, तो न्यायला येतो. काकू गेल्यापासून काका एकटेच असतात, आणि भावांची भेट होते ती तेवढीच.

यंदा खराडीत नोकरी करणाऱ्या पुतण्याने फर्मान काढलं. एकदाचं तज्ज्ञाला दाखवा. जुनं निघालं तर लॉकरमध्ये ठेवू, नकली निघालं तर विषय संपला. या वयात एवढ्या ट्रॅफिकमधून ने-आण हवी कशाला? बोलणं बिनतोड होतं आणि काकांची झोप उडाली.

शेवटी माझ्या स्कूटरवर मागे बसून ते शहरातल्या एका नाणेतज्ज्ञांकडे आले.

तज्ज्ञांनी नाणं उलटसुलट करून पाहिलं. "याला लावता काय?"

"चिंच. दर पूजेला लख्ख घासतो. वडीलही घासायचे. आजोबा तर वर राखही लावायचे," काका अभिमानाने म्हणाले.

"तरीच. राजाचं तोंड, नाव, सगळं धुऊन काढलंत. आता हे दोन हजार वर्षांपूर्वीचं की परवाचं, कुणालाच सांगता येणार नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

काकांनी त्यांना वाकून नमस्कार केला. मलाही हायसं वाटलं. फुटपाथवर येताच त्यांनी फोन लावला.

"दादा, काही कळलं नाही. हो, असेल क्षत्रपांचं, आल्यावर भांडू. यंदा पाळी तुझी आहे. मुलाला पाठवू नकोस, तूच ये. आणि लगेच निघायचं नाही, दोन दिवस राहायचं."

दिवाळीला अजून बराच अवकाश होता. तरी काकांनी येताना लक्ष्मी रोडला स्कूटर थांबवायला लावली आणि पाहुण्याच्या गादीसाठी नवी चादर घेतली.